चौघांसाठी एकच पोशाख

“चौघांना एकच पोशाख! आणि चौघांनीही तो हसत हसत घातला पाहिजे!” सोनपाडळीचे राजे मार्तंडराव गरजले. “परवा सकाळपर्यंत जमलं नाही, तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही राज्याबाहेर!”

केरबा शिंप्यानं मान डोलावली. राजानं सणासाठी चार थोर पाहुणे बोलावले होते. एक शास्त्रीबुवा, एक बौद्ध भिक्खू, एक फकीरबाबा आणि गोव्याकडचे एक पाद्री. चौघांचे चार तऱ्हेचे वेश राजाच्या डोळ्यांना खुपत होते. त्याला सगळं एकसारखं लागे. दारातल्या हत्तींच्या झुलीसुद्धा त्यानं एकाच रंगाच्या करून घेतल्या होत्या!

केरबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

“मामंजी, आधी मापं तर घेऊन येते,” त्याची सून सारजा म्हणाली आणि पाहुण्यांकडे गेली.

“माझ्या सोवळ्याला सुई लागलेली चालत नाही, बरं का!” शास्त्रीबुवांनी बजावलं.

“आमचं चीवर मात्र तुकडे जोडूनच शिवावं लागतं,” भिक्खू हसून म्हणाले.

पाद्रींनी घाम पुसला. “माझ्या झग्याला गळ्यापासून पायापर्यंत बटणं हवीत. सगळीच्या सगळी!”

फकीरबाबांनी तर आपली कफनी घट्ट धरली. “ही माझ्या गुरूंनी दिलीय, बेटी. ही उतरते ती फक्त आंघोळीला!”

सारजा गजानं माप घेता घेता थांबली. मग खुदकन हसली. “बाबा, उन्हाळा फार आहे. परवा सकाळी चौघं नदीवर येता का?”

“येतो!” चौघं एका सुरात म्हणाले.

ठरल्या दिवशी सारजाचा निरोप वाड्यावर गेला, ‘पोशाख तयार आहे. नदीवर यावं.’ राजा पालखीतून आला आणि बघतच राहिला. चौघं गुडघाभर पाण्यात उभे! कमरेला एकाच ताग्यातले पांढरे पंचे. एकजण दुसऱ्याची पाठ चोळतोय, दोघं एकमेकांवर पाणी उडवताहेत आणि हसण्यानं नदी दुमदुमतेय!

राजानं त्यातल्या एका दाढीवाल्याला हात जोडले. “पाद्रीबाबा, नमस्कार.”

“मी फकीर!”

राजा ओशाळला आणि सारजावर उखडला. “हा कसला पोशाख? हा तर पंचा!”

“चौघांचा एकच आहे ना, महाराज? आणि हसताहेत, हे तर तुम्ही बघताच आहात!”

“पण तो गुडघ्यापर्यंतच आहे!”

“लांबी तुम्ही सांगितली कुठे होती?”

राजा असा खदखदून हसला, की पालखीचे भोईही हसू लागले.

“जिंकलीस, पोरी! दरबारात ज्यानं त्यानं आपापल्या वस्त्रात यावं!” त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. “आणि आजपासून वाड्याचं सगळं शिवणकाम तुमच्या घराकडे! बरं, पाणी गार दिसतंय. मलाही एक पंचा दे पाहू!”

सारजानं राजाच्या पोटाकडे नजर टाकली.

“जरा थांबावं लागेल, महाराज. दोन जोडून आणते!”