हिमोबाची हळदीची आंघोळ

पाय आधी पांघरुणात घ्या. गोष्ट थंडीची आहे.

एक होता राक्षस. साधासुधा नव्हे, बरं का. बर्फाचे सगळे राक्षस त्याला देव मानायचे. नाव हिमोबा. ताडासारखा उंच, मिशा बर्फाच्या, फुंकर मारली की वाहती नदी गोठायची. त्याची बायको शिळा. डोंगराची लेक ती, काळ्या पाषाणाची.

एकदा काय झालं, पहाटे हिमोबानं सूर्याची लेक बघितली. शिखरावरून चालली होती, सोन्यासारखी. झालं. म्हणाला, "मी हिच्याशी लग्न करणार." तिला विचारलं का? नाही. बायकोला? तिला तर नाहीच नाही.

शिळानं गोठल्या तळ्यात आपलं तोंड बघितलं. काळं, ओबडधोबड. दगडाची होती तरी जळफळली. सवत म्हणजे सवत.

मग हिमोबानं तिचं अस्वलाचं पांघरूण ओढून घेतलं. "नवरीला लागेल." शिळानं घेऊ दिलं. मग तिच्या गळ्यातली गारांची माळ काढली. "नवरीला शोभेल." शिळानं तीही घेऊ दिली. मग म्हणाला, "आणि माझ्या हळदीचं तूच बघ. तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही."

आता मात्र शिळा हसली. बाई तशी हसली ना, की शहाण्यानं पळावं. हा कुठला शहाणा.

डोंगराखाली उकळत्या पाण्याचा झरा होता. शिळानं तिथून घंगाळ भरून आणलं. दगडाला काय पोळतंय? मग हिमोबाला पाटावर बसवलं, अंगभर हळद चोळली.

"अगं, हे वाफाळतंय."

"हळदीची आंघोळ ऊन पाण्यानंच असते. बसा गुमान."

पहिला तांब्या ओतला, मिशा गेल्या. दुसरा ओतला, ताडाएवढा देव शिळाएवढा झाला. मग तिनं तिसरा उचलला. तिला वाटलं, ओतावा आणि याला संपवावं. माझा नाही तर कुणाचाच नाही.

"शिळे, नको गं. मरेन मी."

"तांब्याभर पाणी सोसवत नाही आणि सूर्याची लेक घरात आणताय? तिनं हार घालायला हात वर केला की तुमचं डबकं होईल."

हिमोबानं मान वर केली. इतकी वर्षं त्याला वरून तिचा नुसता भांग दिसायचा. आज डोळे दिसले. भरलेले होते. त्यानं गारांची माळ आणली आणि आपल्या हातानं तिच्या गळ्यात घातली.

मग शिळानं तो तांब्या बाहेर उतारावर रिकामा केला. हळदीचं पाणी वाहत गेलं तिथं पिवळी फुलं उगवली. सूर्याची लेक ती बघून हसली आणि आपल्या वाटेनं गेली. तिला काय पडलंय.

हिमोबा पुन्हा कधी ताडाएवढा झाला नाही. घंगाळ शिळानं दाराशीच ठेवलंय ना. दोघं एका पांघरुणात सुखानं राहिली.

तुम्हीपण झोपा आता. आणि कुणी कुणाचं पांघरूण ओढायचं नाही, सांगून ठेवते.