पिंपळाखालचा भोपळा

एकदा एक घोंगडीवाला होता, मायाप्पा नावाचा. विणायला त्याला बिरूआबांनी शिकवलं. गुरू मागावरच राहिले, चेला पुढं नेटवर गेला. जावयाकडनं दुकानाच्या नावाची वेबसाइट करून घेतली नि लांबलांबची माणसं तिथनं घोंगडी मागवायला लागली. गावातल्या तीसएक विणकरांची चूल त्या नावावर पेटायची.

आता नेटवरचं नाव काय कायमचं मिळत नसतं. मुदत संपली की नवं करावं लागतं. जावयानं पाच वर्षांचं एकदम भरलेलं, म्हणून मायाप्पा निवांत. त्यात एका शिबिरात कुणीतरी सांगितलं, "मुदत संपतीय, लगेच भरा, असा मेसेज आला की समजा चोर आला." मग काय! तसला मेसेज आला की मायाप्पा पुसायचा, नि पुसून मिशीवर हात फिरवायचा. असे अकरा पुसले. लई हुशार माणूस.

त्यात खरे मेसेजबी पुसले गेले. एक दिवस मुदत संपली नि नाव गेलं. दुसऱ्यांची इसरलेली नावं उचलून इकणारा एकजण टपलेलाच होता, त्यानं घेतलं. घोंगडं बघायला गेलं की आता पत्त्यांचा जुगार उघडायला लागला. तो म्हणाला, "परत पाहिजे तर वर्षाची कमाई ठेव. सोमवारी संध्याकाळपर्यंत सांग."

मायाप्पा आबांकडं पळाला. "आबा, माझं नाव चोरलं! काय करू? देऊ का त्याला?"

आबा लोकर पिंजत होते. म्हणाले, "सोमवारी बाजारात बघू."

सोमवारच्या बाजाराची रीत अशी, की सकाळी पावतीवाला फिरतो. ज्याच्या हातात पावती, त्याची जागा, त्या दिवसापुरती. मायाप्पा वीस वर्षं पिंपळाखाली बसायचा. पावतीवाला ओळखीचा झालेला, जागा राखायचा, म्हणून हा उन्हं चढल्यावर डुलत यायचा.

त्या सोमवारी आला तर पिंपळाखाली बिरूआबा. पुढ्यात एकच भोपळा.

"आबा, उठा की. गिऱ्हाईक यायची येळ झाली."

"पावती दाव."

"वीस वर्षं बसतोय मी हितं!"

"बसला असशील. आजची माझ्याकडं हाय, पावतीवाल्याला पटवून सकाळीच फाडली." आबांनी टोपीतनं कागद काढून नाचवला. "जागा पाहिजे व्हय? गाडीतली समदी घोंगडी ठेव नि बस."

"ही लूट झाली, आबा!"

"लूट कशाची? भोपळा इकतोय मी. घेतोस का?"

आजूबाजूचे खिदळायला लागले. मायाप्पानं रागानं गठ्ठा उचलला नि पार टोकाला, बोकडांच्या बाजाराशेजारी जागा घेतली. नाकाला उपरणं लावून बसला.

दुपारी जानकाबाई नावाची एक म्हातारी दम खात आली. "अरं मायाप्पा, हितं बोकडात काय करतुयास? पिंपळाखाली एक येडं म्हातारं बसलंय. घोंगडीवाला कुठं गेला म्हणलं, तर म्हणतंय भोपळा घे. इचारत इचारत आले बघ."

तिच्यामागनं आणखी काही आले. काही पिंपळापासनंच माघारी गेले.

बाजार उठताना आबा आले, भोपळा काखेत. "किती गेली?"

"निम्मी."

"माझा भोपळा हाय तसाच. एवढी भारी जागा, पण कोण घेईना." आबा गठ्ठ्यावर टेकले. "ऐक. ती जागा तुझी कधीच नव्हती. सकाळी पावती फाडलीस की दिवसभर तुझी. वीस वर्षांत तू ते इसरलास. नावाचंबी तसंच. तो आता तिथं भोपळा मांडून बसलाय. निम्मी माणसं माघारी जातील, ती तुझ्या झोपेची किंमत, ती सोस. पण ज्यांनी तुझं घोंगडं अंगावर घेतलंय ती इचारत येतील. तू नुसतं कुठं बसलायस ते सांग."

मायाप्पानं नाकावरचं उपरणं काढलं. मग फोन काढला नि नाववाल्याला म्हणाला, "भोपळा नको."

नाववाल्याला काय ते कळलं नाही.

नवं नाव घेतलं. पार्सलांच्या जुन्या पावत्यांवरचे पत्ते काढून एकेकाला कार्ड धाडलं. नव्या नावाची मुदत देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लिहिली, बिरोबाच्या जत्रेच्या तारखेखाली, घरातल्या सगळ्यांना दिसंल अशी.

पुढल्या सोमवारी पावतीवाला यायच्या आधी मायाप्पा पिंपळाखाली हजर. आबा आले, जागा भरलेली बघितली. भोपळा त्याच्या पुढ्यात ठेवला नि मागावर निघून गेले.