घाटमाथ्यावरचं पाणी

“...आणि धर्मशाळेचं तोंड पूर्वेला ठेवू की उत्तरेला, माय?”

घाटमाथ्यावरच्या गुहेत राहणारी म्हातारी जोगीण जिऊमाय फार कमी बोले. शेषराव बोलत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात घाट चढताना एक बाळंतीण पाण्याविना दगावली. तिथं पाणपोई घालीन, असं शेषरावांनी साऱ्या गावादेखत सांगितलं होतं. मग वाटलं, पाणपोईला विहीर हवी. विहिरीला ओवऱ्या. ओवऱ्यांपाशी देऊळ, देवळामागं बाग. आणि आता धर्मशाळा. दुसरा उन्हाळा अर्धा सरला, तरी माथ्यावर पाण्याचा थेंब नव्हता.

“चल,” माय उठली.

करवंदीच्या जाळ्यांतून उतरल्यावर एक जुनं दगडी बांधकाम दिसलं. भर दुपार, पण पाखरूही ओरडत नव्हतं. आतून तेवढा पाथरवटाच्या छिन्नीचा, टाकीचा आवाज येत होता. टक्... टक्...

“आत जाऊन ये.”

शेषराव ऐटीत शिरले. दालनातून दालन निघत होतं. वर छप्पर नव्हतं, तरी आत अंधारलेलं. भिंती शेवाळलेल्या, पण दगडांमधला चुना ओला. त्यांनी हात लावला तर बोट पांढरं झालं.

टाकी थांबली.

“पाणी आणलंत का?” भिंतीपलीकडून घोगरा आवाज आला.

“कोण आहे?”

“पाणपोई बांधतोय... फार तहान लागलीय हो.”

शेषराव मागं फिरले. ज्या दारानं आले होते, तिथं भिंत होती.

“माय...” त्यांनी भिंत चाचपली.

“काय करायला निघाला होतास?” माय पलीकडून बोलली. अगदी जवळून.

“पाणपोई... विहीर...”

टाकी त्यांच्या पाठीशी येऊन वाजू लागली.

“ओवऱ्या...”

मानेवर गार काही उडालं. चुना होता.

शेषरावांच्या डोळ्यांपुढं ती बाळंतीण आली. तिचे कोरडे ओठ. ते किती दिवसांत आठवलेच नव्हते.

“रांजण,” ते म्हणाले. “एक रांजण. झाडाखाली.”

“आणि?”

त्यांच्या जिभेवर काहीतरी आलं... त्यांनी दात घट्ट आवळले.

तोंडावर ऊन लागलं. ते बाहेर उभे होते.

दुसऱ्या दिवशी शेषरावांनी घरचाच रांजण गाडीत घालून माथ्यावर आणला आणि पायथ्याच्या झऱ्यावरून आणलेल्या पाण्यानं भरला. वाटसरू थांबले, पाणी प्यायले, पुढं गेले. कुणी त्यांचं नाव विचारलं नाही.

खालून टाकी ऐकू येतच होती.

“माय, तो बाहेर का येत नाही?”

जिऊमायनं ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसलं.

“येतो की. रोज दारापर्यंत येतो... आणि त्याला वाटतं, इथं कमान बरी दिसेल.”