पिसारीची गाभोळी

समुद्राला टेकून एक कोळीवाडा होता. कुठला ते विचारू नका, नाव सांगितलं तर तिथली माणसं भांडायला येतील. वाड्यासमोर पाण्याखाली पोवळ्यांचं मोठं खडप होतं. खडप म्हणजे नुसता दगड नव्हे, जिवंत होतं ते. लाल, पिवळं, जांभळं. त्याच्या कपारींत तांबोशीची पिल्लं लपायची, शेवंडी मिशा हलवत बसायच्या. वाड्यातल्या सगळ्या चुली त्या खडपाच्या जिवावर पेटायच्या.

म्हणून वाड्यात एक नियम होता. जाळ्यात पोटुशी मासळी आली, म्हणजे पोटात अंड्यांची गाभोळी भरलेली, तर ती मारायची नाही. परत पाण्यात सोडायची. आणि ज्या घरात बाई पोटुशी असेल, त्या घरात तर गाभोळीला विळी लावायचीच नाही. लावली तर बाईच्या पोटातलं टिकत नाही, असं सगळे धरून चालायचे.

हा नियम सांभाळायची चांगुणा नावाची कोळीण. तिला कुणी नेमलं नव्हतं. पण तिची जीभ अशी, की होडी किनाऱ्याला लागायच्या आधी माणसं आपणच टोपल्या तपासून घ्यायची. एकदा सख्ख्या दिराने गाभोळीची तांबोशी लपवून आणली, तर तिने ती टोपलीसकट पाण्यात भिरकावली. दीर म्हणाला, "वहिनी, टोपली तरी ठेवायचीस."

"मासळी गेली पोहत. तूही जा, आण टोपली," चांगुणा म्हणाली.

असं बरं चाललं होतं. मग एक व्यापारी गलबत घेऊन आला. त्याच्याकडे काचेच्या पेटीत लांबच्या समुद्रातले मासे होते. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि पर पसरले की थेट मोराचा पिसारा. पाहुण्यांना दाखवून दाखवून व्यापाऱ्याचं मन भरलं, पेटी धुवायचा कंटाळा यायला लागला. मग त्याने काय केलं? पेटी आणली आणि खडपाजवळ ओतली. मारायला जिवावर आलं म्हणे. एवढा दयाळू माणूस. शीड उभारलं आणि निघून गेला.

वाड्यातल्या लोकांना तो मासा आवडला. त्यांनी त्याला पिसारी नाव ठेवलं. होड्या थांबवून बघायचे. पिसारी दिसायला सुंदर होती, पण सुंदर दिसणं हे काही तिचं काम नव्हतं. तिचं काम खाणं. पिसारा पसरून ती पिल्लांना कपारीत कोंडायची आणि एकेक करून गिळायची. तिच्या पाठीवर विषाचे काटे, म्हणून तिला कुणी मोठा मासा तोंड लावत नव्हता. इथल्या पिल्लांना तिची ओळखच नव्हती, ती पळतही नव्हती.

काही वर्षांत खडपावर शेवाळ चढलं. तांबोशी दिसेना. जाळं ओढलं की पिसारीच पिसारी. एकदोघांना काटे लागले, हात भोपळ्यासारखे सुजले. मग लोक काठीने ढोसून ढोसून पिसारी पाण्यात परत ढकलायला लागले. जे आपल्याला खातंय तेच परत घरात सोडत होते, पण तेव्हा ते कुणाला दिसलं नाही.

चांगुणालाही एक दिवस काटा लागला. बाई कधी ओरडली नाही ती ओरडली. तिची सून मथुरा धावत आली, तिने चुलीवरच्या हंड्यातलं सोसवेल एवढं कढत पाणी काढलं आणि सासूचा हात त्यात बुडवून धरला. दुखणं हळूहळू उतरलं, पण राग उतरला नाही.

"मला टोचतेस काय," चांगुणा त्या पिसारीला म्हणाली, "थांब, तुला खाते."

मथुरा म्हणाली, "आई, विषारी आहे ती."

"काटे विषारी आहेत. काटे कोण खातंय?"

तिने हाताला जाड फडकं गुंडाळलं, कातरीने सगळे काटे कापून खड्ड्यात पुरले. मासा साफ केला, आत पांढरं शुभ्र मांस. कोकम आणि तिरफळ घालून कालवण केलं. सुनेला हात लावू दिला नाही. एकटी जेवली आणि वाड्याला दिसावं म्हणून उंबऱ्यावर येऊन बसली.

माणसं येऊन बघून जायला लागली. बोलायचं कुणी नाही, नुसते बघायचे. शेवटी सगळ्यांत म्हातारा, धर्मा तांडेल, काठी टेकत आला. आयुष्यभर होडीचं सुकाणू धरलेला माणूस.

"आहेस का गो चांगुणे?"

"मी आहे. कालवण संपलं."

दुसऱ्या दिवसापासून वाडा पिसारीच्या मागे लागला. पोरं भाले घेऊन खडपात बुड्या मारायला लागली. घराघरात कालवण, सार, तळण. चांगुणा किनाऱ्यावर कातर घेऊन बसायची, जाळ्यात आलेल्या प्रत्येक जिवंत पिसारीचे काटे आधी कापायची, कुणाला लागू नये म्हणून. मग पोट दाबून बघायची. गाभोळी असली, तर नियमाप्रमाणे परत पाण्यात.

मोसम संपला, दुसरा आला. खडपावर पिसाऱ्या होत्या तेवढ्याच.

लोक वैतागले. "खाऊन खाऊन जीभ थकली, ही काही हटत नाही."

एके सकाळी चांगुणाच्या हातात एक पिसारी आली. कातर लावायला गेली तर काटे आधीच कापलेले होते, सरळ, तिच्याच हाताने कापावेत तसे. पोट दाबलं. गाभोळीने गच्च. तिने दुसरी घेतली. तीही कापलेली, तीही गच्च. जिला मागच्या मोसमात तिने पोटुशी म्हणून सोडलं होतं, तीच पुन्हा पोटुशी होऊन आली होती. मधल्या काळात तिने किती पिल्लं सोडली आणि इथली किती गिळली, ते समुद्रालाच ठाऊक.

चांगुणाने कातर खाली ठेवली. मग उठून सगळ्यांसमोर म्हणाली, "उद्यापासून पिसारीची गाभोळी सोडायची नाही. कापायची."

धर्मा तांडेल पुढे आला.

"चांगुणे, नियम तुझ्या-माझ्या आज्यांनी घातलाय. आणि दुसऱ्या कुणी नाही, तू मोडतेस?"

"मोडते."

"बाकीचं राहू दे. तुझ्या घरात काय आहे ते बघ."

त्याला बोट दाखवायची गरज नव्हती. मथुरा तिथेच पोट सांभाळत उभी होती. तिचं पहिलं पोटातच गेलं होतं. हे दुसरं. वाड्यात प्रत्येकाला ठाऊक होतं.

चांगुणा मासळी घेऊन घरी आली. विळी मांडली. पिसारी हातात घेतली आणि हात थांबला. सगळ्या वाड्याला दम देणारी बाई, पण तिच्याच्याने पातं काही लावून होईना. तिने मासा परडीत ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"ही शेजारी देऊन येते," ती म्हणाली. "त्यांच्याकडे कुणी पोटुशी नाही."

"शेजारी सोडून देतील," मथुरा म्हणाली. "तुम्ही कापली नाहीत तर सगळेच सोडतील. सगळे तुमच्या हाताकडे बघतायत."

"बघू देत. तुझ्या पोटाशी खेळ नको मला."

"आई, पहिल्या वेळी मी कुठली गाभोळी कापली होती?"

चांगुणाने परडी आपल्याकडे ओढली.

"नाही ना कापली? नियम पाळूनसुद्धा गेलंच ते." मथुरा खाली बसली, पोट आवरत, विळी पुढे ओढली. "आता हे जन्माला आलं तर खाणार काय? शेवाळ? सरका."

"मथुरे, नको."

"सरका, आई. अशा मनाने धराल तर बोट कापाल."

आणि तिने पोट फाडलं. गाभोळी बाहेर आली, एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. त्यात अख्खं खडप रिकामं करणारी अंडी होती. मथुराने ती हळद-मीठ लावून तव्यावर टाकली. दोघी जेवल्या. चव काही खास नव्हती, खरं सांगायचं तर.

पुढचे महिने वाडा मथुराच्या पोटाकडे बघत होता, जसा आधी चांगुणाकडे बघत होता. काही घरांनी विळी उचलली, काहींनी नाही. मथुरा रोज विळीवर बसली. कंबर दुखली की जरा टेकायची, पुन्हा बसायची. चांगुणा रोज किनाऱ्यावर उभी राहिली. कुणी पोटुशी पिसारी पाण्याकडे नेताना दिसला की ती त्याच्या वाटेत. रात्री तिला झोप नव्हती, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

मथुरा बाळंत झाली. मुलगी. असा गळा काढला तिने, की होड्यांवरच्या माणसांनी ऐकला. आजीवर गेली म्हणाले सगळे.

धर्मा तांडेल नारळ घेऊन आला. "जिंकलीस गो चांगुणे."

चांगुणाने नारळ घेतला, पण मान हलवली. "पोर जगली म्हणून मी बरोबर ठरले नाही, तांडेलबाबा. हे पोर गेलं असतं, तरी पिसारी खडप खातच राहिली असती. मी रडले असते आणि रडत कापत राहिले असते."

तांडेल घरी गेला आणि त्याने आपली विळी घासायला काढली.

मग सगळा वाडा लागला. पोटुशी असो, नसो, पिसारी दिसली की भाला. खडपाला वेळ लागला. आधी शेवाळ विरळ झालं, मग कुठे कुठे लाल रंग दिसायला लागला. आणि एके दिवशी तांडेलच्या जाळ्यात तांबोशी आली. मोठी, गाभोळीने फुगलेली. तांडेल आता कापण्यात एवढा तरबेज झालेला, त्याने बसल्या जागी विळी पुढे ओढली.

चांगुणाने त्याच्या मनगटावर फटका मारला.

"अगो, तूच म्हणालीस ना गाभोळी कापायची?"

"डोळे आहेत का तुम्हाला? ही आपली आहे. सोडा."

तांडेल मनगट चोळत हसला. त्याने तांबोशी दोन्ही हातांनी उचलली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. मथुरा लेकीला कडेवर घेऊन बघत होती. तांबोशी क्षणभर तिथेच थांबली, मग शेपटीचा एक झटका देऊन खडपाकडे गेली.

पिसारी संपली का? नाही. एकदा ओतलेली पेटी परत भरता येत नाही. पण त्या वाड्यात अजून दर मोसमात भाले निघतात, तिरफळ वाटलं जातं आणि किनाऱ्यावर एक बाई कातर घेऊन बसते. आता ती मथुरा आहे.

तात्पर्य: नियम कुणाला जगवायला घातला ते विसरून नुसता पाळला, तर तो मारणाऱ्यालाच पोसतो, म्हणून आधी आपलं कोण ते ओळखावं, मग हात चालवावा, आणि चालवला की थांबू नये.