मिशीचा एक केस

सरदार हैबतरावांच्या मिशीवर लिंबू ठरायचं. अशा माणसाला झोपाळाही भक्कमच हवा! सुताराला घेऊन ते देवराईत शिरले आणि त्यांनी सगळ्यांत जुन्या किंजळीच्या झाडाकडे बोट दाखवलं.

देवराईतल्या झाडांच्या मुळाशी गावाचा झरा होता. तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नसे. देवराई राखणारी तान्हीबाई गुरवीण आडवी आली.

"अगं बाई, एवढं रान पडलंय," सरदार हसले. "एका झाडानं काय होतंय?"

"काही नाही, सरकार. फक्त हुकमाची खूण म्हणून मिशीचा एक केस देवापुढे ठेवा."

सरदारांनी ऐटीत केस उपटला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात तमाशा बघायला जमलेल्यांतला धोंडू तेली पुढे झाला. "सरकार, माझ्या घाण्यालाही एक झाड हवंय." त्याच्यामागे कुंभार, त्याच्यामागे परीट, बघता बघता सगळं गाव रांगेला लागलं.

"मग न्या की! मला कशाला सांगता?"

"असं कसं, सरकार?" तान्हीबाई म्हणाली. "आजवर कुणी हात लावला नव्हता. आता तुमचं बघून तोडतायत. मग प्रत्येक झाडामागे केसही तुमचाच."

सरदारांनी लांबवर गेलेली रांग पाहिली, दोन्ही हातांनी मिशी झाकली आणि घोडा मागवला.

वाटेत सुतार कुरकुरला, "सरकार, एकच तर झाड होतं."

हैबतराव ओठ चोळत म्हणाले, "केसही एकच होता, लेका!"