ठकूबाईचा धोंडा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे या घाटात डांबर नव्हतं, मोटार नव्हती, आणि माझ्या या चहाच्या टपरीच्या जागी नुसती करवंदीची जाळी होती, तेव्हाची ही गोष्ट. बसा ना. पोरांनाही बसवा बाकावर. तुमचा टेम्पो खालच्या वळणावर बराच वेळ उभा होता, इंजिन तापलं होतं ना? पाहत होतो मी इथून. आता निवू द्या त्याला, तोवर ऐका. जिची ही गोष्ट आहे ती बाई विधवा झाल्यापासून कधी टेकून बसली नाही, असं म्हणतात. खरंखोटं घाट जाणे. पण तुम्ही बसा.

तर हा सांबरखिंडीचा घाट तेव्हाही असाच उभा होता. खालून कोकणातून मीठ यायचं, नारळ यायचे, सुकी मासळी यायची, आणि वरून गूळ, ज्वारी उतरायची. भरलेली गाडी हा चढ चढवणं एका जोडीचं काम नव्हे. म्हणून पायथ्याच्या भेंडवडीत, उंबराखाली, भाड्याचे बैल उभे असत. गाडीच्या बैलांपुढे आणखी एक जोडी जुंपायची, गाडी माथ्यावर आणायची, जोडी सोडायची आणि दुसरं गिऱ्हाईक गाठायला परत खाली पळायचं. भेंडवडीचं पोट या धंद्यावर होतं.

आता चढताना बैल दमणारच. दमले की गाडी थांबवायची आणि ती मागे घसरू नये म्हणून चाकामागे धोंडा लावायचा. बैलांनी दम खाल्ला की पुन्हा हाकायचं. आणि तो धोंडा? तो तिथेच, रस्त्याच्या मधोमध! गाडी निघाली, आता मागे वळून कोण बघतो? सगळेच तसं करायचे, म्हणून कुणालाच त्यात काही वाटायचं नाही.

भेंडवडीत मालू नावाचा एक गडी होता. त्याच्याकडे चांद्या आणि कवड्या ही एकच जोडी होती. जोडी तो हाकायचा आणि त्याची बायको ठकू मागून चालायची. गाडी थांबली की धोंडा लावायचं काम तिचं. चटपटीत बाई. धोंडा लावला, गाडी हलली, की ही पुढे पळालीच, कारण माथ्यावरून लवकर परतायचं असायचं.

एके दिवशी मालूने सकाळी एक गाडी वर आणली. ठकू घरच्या कामासाठी पुढे निघून गेली. संध्याकाळी एक गुळाची गाडी खाली चालली होती, तिच्यावर मालू बसला आणि चांद्या-कवड्या मागून मोकळे चालत होते. कड्याच्या वळणावर गाडीचं चाक एका धोंड्यावर चढलं. गाडी कलंडली ती थेट दरीत. गाडीवान उडी मारून वाचला. मालू नाही वाचला.

ठकू धावत गेली तेव्हा तो धोंडा वाटेत तसाच होता. काळा, दोन्ही हातांत मावेल एवढा. तिने तो उचलून पाहिला, उलटा करून पाहिला. सकाळी त्याच वळणावर त्यांची गाडी थांबली होती आणि तिने तिथे धोंडा लावला होता. हाच का तो? पण त्या दिवशी त्याच वळणावर दहा जणांनी दहा धोंडे लावले असतील, आणि या घाटातले सगळे धोंडे काळेच. तिला काही ओळखता येईना. तिथून तिचं स्वास्थ्य गेलं ते गेलंच. जेवता जेवता ती उठायची. पाणी भरता भरता हंडा तसाच ठेवून घाटाकडे बघत राहायची. तो धोंडा माझा होता का दुसऱ्याचा, हा एकच किडा डोक्यात.

दिवसकार्य आटोपलं आणि ठकूने स्वतः जोडी जुंपली. बाईमाणूस बैल हाकणार म्हटल्यावर गावाने तोंडं वाकडी केली. पण तोंडं वाकडी करून कुणी बैलांना वैरण टाकत नाही. उंबराखाली तेव्हा राज्य होतं रंगोजीचं. त्याच्या जोड्यांची रांग लागलेली असायची. त्याची माणसं येणाऱ्या गाडीचा कासरा धरून ओढायची, गाडीवानाच्या हातात भरलेली चिलीम द्यायची, आणि ती विझायच्या आत गाडी माथ्यावर, असा डौल. भाडंही कमी. मग ठकूकडे कोण येणार? तिची जोडी दिवसभर नुसती शेपट्या हलवत उभी. वैरण संपत आली. रंगोजीने निरोप पाठवला की जोडी मला दे, आणि तूही माझ्याकडे शेणगोठ्याला ये. वाईट माणूस नव्हता हो तो, पण धंदा म्हटला की त्याला दुसरं काही दिसत नसे. ठकूने सांगून पाठवलं की एक गिऱ्हाईक येऊ दे, मग बघू. चांद्या-कवड्या ही मालूची शेवटची खूण होती आणि ती जाणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ते एक गिऱ्हाईक आलं. कुंभार होता. गाडीत गवतात रचलेली मडकी. रंगोजीच्या जोड्यांनी मागच्या खेपेला त्याचा निम्मा माल खापरं करून माथ्यावर पोचवला होता, म्हणून बिचकतच तो ठकूकडे आला. ठकूने जोडी जुंपली आणि कुंभाराला म्हणाली, तू हाक, मी पुढे होते. आणि मग तिने काय करावं? गाडीच्या पुढे चालत तिने वाटेतला प्रत्येक धोंडा उचलून कडेला टाकला. गाडी थांबली की मागे येऊन धोंडा लावला, निघाली की तोही उचलला. माथ्यावर जोडी सोडली, तरी ही गाडी सोडीना. पलीकडचा उतार संपून सपाटी लागेपर्यंत ती चालत राहिली. कुंभाराने गवत उपसून पाहिलं, एका मडक्याला तडा नव्हता.

कुंभाराचं तोंड म्हणजे चालता बाजार. पुढच्या आठवड्यात बांगड्यांचा कासार आला, मग तुपाचे बुधले आले, मग बाळंतीण घेऊन एक म्हातारा आला. फुटणारं, सांडणारं, जपायचं ते सगळं ठकूकडे. मग मिठाचे व्यापारीही यायला लागले, कारण ठकूच्या मागून गेलं की गाडीचा कणा मोडत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. एका वेळी एकच गाडी न्यायची हा तिचा नेम. रंगोजीच्या जोड्या समोर मोकळ्या उभ्या, चिलीम फुकट, आणि गाडीवान आपले उंबराखाली भाकरी सोडून बसलेत, ठकू परत यायची वाट बघत! रंगोजी चढ विकत होता, ठकू पोहोचवणं विकत होती, एवढाच काय तो फरक. पण तो त्याला उमजेना.

त्याने मग धोंडे उचलायला एक माणूस ठेवला. रंगोजी बघतोय तोवर तो उचलायचा, वळणाआड गेला की झाडाखाली आडवा. नुसता देखावा.

गावातल्या बायका ठकूला हसायच्या. अगं, तू वाट साफ करतेस आणि त्याच वाटेने रंगोजीच्या गाड्या सुखाने जातात. दुसऱ्याचं अंगण कशाला झाडतेस? ठकू चालता चालताच म्हणायची, "चाक काय कुणाचं ते विचारून धोंड्यावर चढतं का?" आणि पुढे. तिच्या पायांची चाळण झाली होती. तिचे तळहात पाट्यासारखे खडबडीत झाले होते. आणि तिला सुख होतं म्हणाल तर तेही नाही. साफ केलेली वाट ती पुन्हा बघायला जायची.

मग तो धुक्याचा दिवस आला. बाजार होता, रंगोजीच्या सगळ्या जोड्या खालीवर पळत होत्या आणि वाटेत धोंड्यांचा सडा पडला होता. ठकू एक मिठाची गाडी पलीकडे पोचवून माथ्यावर परत आली, तर इथे, अगदी इथेच, एक गाडी खाली उतरायची खोळंबली होती. आत रंगोजीची लेक येमू, पहिलटकरीण, दिवस भरलेले, माहेरी निघालेली. बरोबर तिचा दीर. त्याने ठकूला ओळखलं, पण रंगोजीच्या लेकीसाठी हिला कसं विचारावं म्हणून ओशाळला. ठकूच म्हणाली, "उतारावर मी लेक कुणाची ते विचारत नाही. हाक गाडी."

उतारावर गाडी अंगावर येऊ नये म्हणून मागे लाकडाचा ओंडका बांधत. अर्ध्या वाटेत त्याचा दोर तुटला. ओंडका गेला आणि सगळा भार बैलांच्या पाठीवर आला. बैल उधळले. येमूचा दीर कासरा ओढतोय, पण धुक्यात त्याला बैलांची शिंगंही दिसेनात. आणि वाटेत धोंडे. तेव्हा ठकू गाडीच्या पुढे धावली. बाई वाकायची, धोंडा भिरकावायची, की पुन्हा धाव, आणि तोंडाने सारखी बैलांना हाक, म्हणजे त्यांना वाट कळावी. मागे चाकांचा खडखडाट तिच्या टाचांशी आलेला. असं म्हणतात, की कड्याच्या वळणाच्या वर धोंडे इतके झाले की माणसाच्या हातांनी उरकणं शक्य नव्हतं, आणि तिथून पुढे तिचा हात पोचायच्या आधीच धोंडे आपले आपण बाजूला सरकू लागले. दगडांना लाज वाटली, असं माझी आजी सांगायची. खरंखोटं घाट जाणे. पण गाडी वळली, सपाटीला लागली आणि रंगोजीच्या दारात जाऊन उभी राहिली, हे सगळ्या भेंडवडीने पाहिलं. त्याच दिवशी येमू बाळंत झाली. मायलेकरू सुखरूप.

रंगोजी बाहेर आला तर ठकू अंगणात नाही. तिचे रक्ताचे पाय उमटले होते, तेही घाटाकडे परत जाणारे. तो धावत मागे गेला. कड्याच्या वळणावर ती सापडली. धुक्यात वाकून शोधत होती. एक धोंडा राहिलाय, म्हणाली.

रंगोजी तिच्यापुढे उभा राहिला. तो म्हणाला, "ठकूबाई, तुझ्या मालूच्या वेळचा तो धोंडा... कुणाचा होता ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मी..."

ठकूने हात वर केला. "नका सांगू, भाऊ."

"अगं, पण तुझा जीव सुटेल यातून."

"सुटेलच की. तुमचा निघाला तर मी बसेन. आणि मी बसले तर उचलणार कोण? माझाच होता तो. राहू द्या."

आणि तिने त्याच्या पायाजवळचा धोंडा उचलून कडेला टाकला. रंगोजी त्या वळणावर लहान पोरासारखा रडला म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक जोडीमागे एक माणूस चालू लागला, आणि सगळ्यांत मागे तो स्वतः. तरी गाडीवान आधी विचारायचे, ठकूबाई कुठे आहे? चांद्या-कवड्या तिच्याच गोठ्यात म्हातारे झाले.

पुढे एका आषाढात ठकू धुक्यात वर गेली ती खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी लोकांनी घाट पालथा घातला. ती सापडली नाही, आणि अख्ख्या वाटेत एक धोंडाही सापडला नाही. दमून बसली असेल कुठे तरी, असं कुणीतरी म्हणालं, तर म्हातारा रंगोजी चिडला. बसली नसेल, म्हणाला. अजूनही धुकं उतरलं की गाडीपुढे कुणीतरी चालल्यासारखं वाटतं, असं ड्रायव्हर लोक म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण झोप मलाही नीट लागत नाही अशा दिवसांत.

कड्याच्या वळणाच्या कडेला ती काळ्या दगडांची रास दिसली ना तुम्हाला? तिला कुणी शेंदूर लावत नाही, नारळ फोडत नाही. या घाटाची रीत वेगळी आहे. वाटेत धोंडा दिसला की ट्रक असो, एसटी असो, थांबायचं, धोंडा उचलून राशीत टाकायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "माझाच होता." दुसऱ्याचा असला तरी असंच म्हणायचं.

आता सांगा, टेम्पो तापला तेव्हा मागच्या चाकाला दगड लावला होतात, तो उचललात? बघा, एकमेकांच्या तोंडाकडे काय बघता. चहा झाकून ठेवतो मी, जाऊन या. आणि खाली तीन-चार पडलेले दिसले, आपला कुठला ते ओळखू आलं नाही, तर सगळेच उचला.

काय म्हणायचं ते सांगितलंय मी.