गोजराईचा चाटू

एका राज्यात घरोघरी चुलीमागे एकेक मडकं असे, आणि त्या मडक्यात जवाची सुरा फेसत असे. मडकं लहानच; घरची चार माणसं आणि वर एखादा पाहुणा, एवढ्यांना पुरेल इतकंच. कुणाची सुरा कडवट, कुणाची मधाळ. सुगी सरली की नुसत्या वासावर आंधळ्यानेही आपलं घर गाठावं. काय दिवस होते हो ते! सांगतानाही माझा जीव तिथेच घुटमळतो.

त्या राज्याचा राजा सुकेतू. जन्मतःच आईवेगळा झाला, त्याला गोजराई नावाच्या दाईने वाढवलं. राजवाड्याच्या कुंपणाला लागूनच तिचं घर. दारावर एक साळुंकी बसे. ती जे ऐकी ते कधी विसरत नसे. गोजराई लांब दांड्याच्या लाकडी चाटूने सुरा ढवळी. तो चाटू ती कधी घासत नसे. गार पाण्यातून काढायचा आणि खुंटीला टांगायचा. “फेसाचा जीव ह्याच्यात निजतो, त्याला उठवायचं नाही,” असं म्हणे.

एके दिवशी चाटू नाहीसा झाला.

“बाळराजे, माझा चाटू पाहिलास?”

“नाही पाहिला,” सहा वर्षांचा सुकेतू म्हणाला.

पाहिला नव्हता कसला! मुठीला लाल दोरा गुंडाळून त्याने त्याची तलवार केली होती, आणि हाती आलेली तलवार कुठला राजपुत्र परत देतो? गोजराईने नवा चाटू केला. पण जुन्याची आठवण काढायची ती काढायचीच.

सुकेतू मोठा झाला, सिंहासनावर बसला. तेव्हा घोरपाद नावाचा मांत्रिक दरबारी आला.

“महाराज, हजार मडकी कशाला? एक सोन्याची कढई करू. अवघी प्रजा आपल्या हातून पिईल.”

राजाला ते गोड वाटलं. राजेच ते, त्यांना कोण अडवणार? त्याने हुकूम दिला : मडकी फोडा, चाटू जाळा. शिपाई गोजराईच्या दारी आले, तर ती मडक्यापुढे उभी राहिली. घोरपादाने चिमूटभर राख फुंकली आणि ती जागच्या जागी मातीची झाली. त्याच क्षणी राज्यातला फेस मेला. सुरा फेसेना, दूध विरजेना, भिजवलेलं पीठ फुगेना. सोन्याच्या कढईत नुसतं गढूळ पाणी राहिलं.

घोरपाद कढई घेऊन आकाशमार्गे निघाला. जाता जाता म्हणाला, “राजा, हुकूम तुझा, शापही तुझा. आपल्या हाताने एक मडकं फेसव आणि तिचे ओठ ओले कर. तिच्या टाचेला तडा गेला आहे. तो काळजापर्यंत पोचला, तर ती कायमची माती.”

राजाने मुकुट उतरवला आणि गोजराईच्या घरात येऊन राहिला. चूल पेटवणंही येत नव्हतं बिचाऱ्याला. धुराने डोळे लाल झाले. दारावरची साळुंकी गोजराईच्याच आवाजात एकेक सांगू लागली. राजाने जव भिजवले, मोड आणले, उन्हात वाळवले, भरडले, ऊन पाण्यात मुरवून गोड पाणी गाळून घेतलं. त्यात डोंगरवेलीची कडू फुलं टाकून उकळी आणली, मडकं निववलं आणि तोंडाला फडकं बांधलं. आठ दिवस गेले. पाणी तसंच गोड, तसंच मुकं. तडा गुडघ्यापर्यंत आला.

“माझा चाटू पाहिलास?” साळुंकी म्हणाली.

फेसाचा जीव त्या चाटूत निजतो, हे राजाला आठवलं. तो धावत शस्त्रागारात गेला. रत्नजडित खड्गांच्या मागे, कोपऱ्यात, लाल दोऱ्याची ती तलवार पडली होती. राजाने ती छातीशी धरली.

दुसरं मडकं चढलं. राजा इतका हरखला की पाणी उकळत असतानाच त्याने चाटू आत खुपसला.

“भाजलं गं बाई!” साळुंकी किंचाळली.

आठ दिवस गेले, फेस नाही. तडा कमरेच्या वर आला. आता मात्र राजा चुलीपुढे बसून लहान पोरासारखा रडला. रडता रडता चाटूच्या मुठीवरचा दोरा बोटाला लागला. मूठ पाण्याबाहेर राहिली होती! दोऱ्याखालचं लाकूड तेवढं भाजलं नव्हतं.

तिसरं मडकं चढलं. ह्या वेळी राजाने ते उतरवून बाजूला ठेवलं आणि विचारलं, “साळुंके, किती निवू देऊ?”

“कोपर लावून बघावं. बाळराजांच्या न्हाणाइतकं,” साळुंकी म्हणाली.

आणि राजाला सगळं आठवलं. घंगाळ आठवलं, आधी आपलं कोपर बुडवून बघणारी गोजराई आठवली, तिच्या पदराला येणारा मोडाच्या जवाचा वास आठवला. त्याने बाही सारून कोपर बुडवलं, काढलं. थांबून पुन्हा बुडवलं. अंगाला सोसेल इतकं कोमट झालं, तेव्हा दोरा सोडून त्याने चाटूची मूठ आत बुडवली आणि फडकं बांधलं.

आता नुसतं थांबायचं होतं, आणि तेच अवघड होतं. तडा दिवसाला दोन बोटं वर सरके. राजाचा हात फडक्याकडे जाई.

“उघडशील तर बोटं मोडीन!” साळुंकी ओरडे.

तिसऱ्या दिवशी मडक्यातून बुडबुड ऐकू आली. राजा मडक्याला कान लावून बसून राहिला. आठव्या दिवशी तडा काळजापासून एका बोटावर होता. राजाने फडकं सोडलं, तर फेस काठावरून उतू गेला. त्याने चाटूने वाटी भरून मातीच्या ओठांना लावली.

तडा मिटला. ओठ हलले. गोजराईने घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

“फुलं जास्त झाली रे, बाळराजे.”

मग तिची नजर त्याच्या हातातल्या चाटूवर गेली. राजाने तो पुढे केला.

“मीच नेला होता, आई,” राजा म्हणाला. “खोटं बोललो.”

“मला का ठाऊक नव्हतं?” गोजराई म्हणाली आणि मातीने भरलेल्या हाताने तिने त्याचे डोळे पुसले. “कधी आणून देतोस, एवढंच बघत होते.”

त्या मडक्यातला ओंजळभर फेस घरोघरी गेला. नवी मडकी आली, दूध विरजलं, पीठ फुगलं. घोरपादाची कढई आकाशातच फुटली म्हणतात. कुणी वर पाहिलंही नाही. लाल दोरा राजाने मनगटाला बांधला, आणि चाटू आपल्या हाताने गोजराईच्या खुंटीला टांगला.